तीन आठवड्यांची सुटी

श्रोतेहो, परदेशचा प्रवास आतां आपल्या सुशिक्षित घरांना नवलाचा राहिलेला नाहीं. प्रवासांत एखाद्या अनाथालयांत चार दिवस राहावें, तेथील मुलांना शिकवावें, खेळवावें, अशी हौसही अनेक तरुण-तरुणींना असते. हौस चांगलीच आहे; परंतु परक्या देशांतील मुलांसाठीं वाटसरूच्या हातून खरोखर काय होऊं शकतें, हें जाणावयाचें असेल तर इतिहासांतील एका सुटीची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

सन १९३८ चा डिसेंबर महिना. लंडनच्या शेअरबाजारांत काम करणारा निकोलस विंटन हा २९ वर्षांचा तरुण बर्फावरील खेळांसाठीं स्वित्झर्लंडला निघण्याच्या बेतांत होता. इतक्यांत प्राग शहरीं गेलेल्या मार्टिन ब्लेक या मित्राचा निरोप आला, कीं तिकडे न जातां इकडे ये. विंटननें बेत बदलला आणि झेकोस्लोव्हाकियाची ती राजधानी गांठली.

तेथील स्थिति हृदयद्रावक होती. सप्टेंबरअखेरच्या म्युनिक करारानें सुडेटन प्रांत हिटलरच्या पदरांत पडला होता. तेथून परागंदा झालेलीं हजारों माणसें, त्यांत ज्यू पुष्कळ, प्रागच्या आसपासच्या छावण्यांत कडाक्याच्या थंडींत दिवस काढीत होतीं. ब्रिटिश सरकारनें नोव्हेंबरांत निर्वासित मुलांना आईबापांवांचून देशांत घेण्याचें कबूल केलें होतें. पण ती व्यवस्था जर्मनी व ऑस्ट्रिया येथील मुलांपुरतीच सुरू झाली होती. प्रागमधील मुलांना कोणी वाली नव्हता. विंटन आपल्या हॉटेलांत बसून त्यांचीं नांवें टिपूं लागला. आपलें कांहींही होवो, निदान लेंकरूं तरी जाऊं द्या, एवढेंच आईबापांचें मागणें असे. सुमारें तीन आठवड्यांनीं रजा संपली आणि तो लंडनला परतला.

श्रोतेहो, या हकीकतीचें मर्म येथेंच आहे. छावण्या पाहून हळहळणारे प्रवासी थोडे नसतील. विंटनचें खरें काम घरीं आल्यावर सुरू झालें. दिवसा तो नोकरी करी; संध्याकाळीं आई व मोजके मदतनीस यांना घेऊन पत्रें लिहीत बसे. प्रत्येक मुलासाठीं त्याला संभाळणारें कुटुंब शोधावयाचें, परतीच्या खर्चाची हमी म्हणून ५० पौंडांची तजवीज करावयाची, सरकारी परवाने मिळवावयाचे. मुलांचीं छायाचित्रें छापून त्यानें लोकांपुढें ठेविलीं. अमेरिकेलाही लिहून पाहिलें. तिकडून कांहीं निष्पन्न झालें नाहीं.

प्रागमधील बाजू दुसऱ्यांनीं संभाळली. डोरीन वॉरिनर ही विदुषी ऑक्टोबरपासूनच तेथें निर्वासितांचें काम करीत होती. ट्रेव्हर चॅडविक हा लॅटिनचा शिक्षक आपल्या शाळेनें पत्करलेलीं दोन मुलें नेण्यासाठीं आला होता. तो पुन्हां प्रागला गेला आणि तेथेंच राहिला. १४ मार्च १९३९ रोजीं मुलांची पहिली तुकडी निघाली, आणि दुसऱ्याच दिवशीं जर्मन फौजा शहरांत शिरल्या. त्यापुढें गेस्टापोच्या नजरेखालीं मुलांना गाडींत बसवून देण्याचें काम चॅडविकनें केलें. अधिक जोखीम त्यानेंच पत्करली, हें विंटन स्वतः पुढें सांगत असे.

२ ऑगस्टपर्यंत ६६९ मुलें इंग्लंडांत पोहोंचलीं. त्यांतील बहुतेकांना आपले आईबाप पुन्हां दिसले नाहींत. सुमारें २५० मुलांची सर्वांत मोठी तुकडी १ सप्टेंबरला निघावयाची होती. त्याच दिवशीं हिटलरनें पोलंडवर स्वारी केली. ती गाडी निघालीच नाहीं, आणि त्या मुलांपैकीं बहुतेक पुढें मृत्युमुखीं पडलीं. १९८८ सालीं नांवांची जुनी चिकटवही उजेडांत आली, तेव्हां कोठें विंटनचें नांव जगाला कळलें. २०१५ सालीं, १०६ वर्षांचा होऊन तो निवर्तला.

प्रागच्या आईबापांनीं मुलांना दूर केलें तें दुसरा मार्गच उरला नव्हता म्हणून. अलीकडे कंबोडिया, नेपाळ यांसारख्या देशांत याच्या उलट प्रकार आढळून आला आहे. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या कित्येक अनाथालयांत आईबाप हयात असलेलीं मुलें आणून ठेविलेलीं असतात. पाहुणा येतो, मुलांना लळा लावतो आणि चार दिवसांनीं निघून जातो. मुलें पुन्हां पुढच्या पाहुण्याची वाट पाहत राहतात. त्यांना स्वतःच्या घरीं परत पोहोंचविण्याचें काम मात्र कोणाच्याच सुटींत बसत नाहीं.

तेव्हां आपल्या घरांतील एखादा तरुण परदेशीं मुलांची सेवा करून आला, तर त्याची हकीकत कौतुकानें ऐकावी, छायाचित्रेंही पाहावीं. मग त्याला एवढेंच विचारावें, कीं बाळा, परत आल्यापासून त्या मुलांसाठीं तूं काय करीत आहेस?