पाण्याचा वाटा : नायगावची पाणी पंचायत



ग्लासगोत पाण्याचा विचार करायची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. १८५९ पासून लॉक कॅट्रिनचे पाणी निव्वळ उताराने शहरात येते. बहुतेक घरांना मीटर नाही, आकारणी कौन्सिल टॅक्सच्या बँडप्रमाणे. नळ किती वेळ सोडला याच्याशी बिलाचा संबंध नाही. गावाकडून मात्र उन्हाळ्यात काकांचा फोन येतो, "बोअर आटली, अजून खोल न्यावी लागेल." आम्ही पैसे पाठवतो. शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा दुबईहून पाठवतो. दोन्ही बोअर एकाच भूजलातून पाणी ओढतात, हे इंजिनिअर असूनही आमच्या फार उशिरा लक्षात आले!

म्हणून पुरंदर तालुक्यातल्या नायगावची ही माहिती. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे (तेही इंजिनिअर, पुण्यातले उद्योजक) यांनी तिथे देवस्थानची सुमारे ४० एकर माळरान जमीन कराराने घेतली. बांधबंदिस्ती केली, पायथ्याशी पाझर तलाव, त्याखाली विहीर, आणि तिथून पाणी उचलून शेतात. यात तंत्र म्हणून नवे फारसे नव्हते. नवे होते ते वाटपाचे नियम. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. म्हणजे दहा एकरवाल्याच्या घरात चार माणसे असतील तर पाणी दोन एकरापुरते, उरलेले आठ एकर पावसावर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजना गटाचीच, खर्चाचा २० टक्के भाग शेतकऱ्यांचा, आणि पाळ्या सांभाळायला पाटकरी. शिवाय ऊस बंद! (ही अट आमच्या घरी नुसती बोलून पाहिली, तर जेवणे थांबली.)

पुढे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंदच मांडायला सुरुवात केली. पोपटराव पवार तिथे १९८९ मध्ये सरपंच झाले. पाऊस मोजायचा, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअरला तिथे बंदी आहे.

यंदा फोन आला तेव्हा आम्ही काकांना विचारले, गावात विहिरींची पातळी कोणी मोजते का?

"मोजायचं काय त्यात? तळ दिसतोय की!"