गासड्यांवर दारूगोळा

आपल्या कोकणात बोटीवर नोकरी केलेले म्हातारे खलाशी पुष्कळ गावांत भेटत. त्यांना विलायतेचे विचारावे, तर ते आधी माल सांगत. मासळीच्या खताचा वास अंगाला कसा चिकटतो, ओला तांदूळ कसा फुगतो, खोबरे आणि कोळसा बंद खणात आपोआप कसे तापतात! त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच, की एकटा माल सांभाळता येतो. पण त्याला वाईट शेजार मिळाला की घात होतो.

याचा सर्वांत भयंकर दाखला जासईपासून खाडीपलीकडे, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत घडला. दिवस 14 एप्रिल 1944. दुसरे महायुद्ध चालू होते. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फेब्रुवारीत इंग्लंडातून निघाले, तेव्हा त्यात सुमारे 1,395 टन दारूगोळा आणि सोन्याच्या लगडी होत्या. कराचीस काही माल उतरला. रिकाम्या जागेत कापसाच्या सुमारे 8,700 गासड्या, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, गंधक आणि मासळीचे खत भरले. कप्तानाला हा मेळ पसंत नव्हता. पण जहाजांची टंचाई होती, त्याचे कोण ऐकणार? दोन नंबरच्या खणात खाली कापूस आणि वर दारूगोळा, अशी रचना झाली. चुलीच्या वर दारूचे पोते टांगावे, तसलाच हा प्रकार!

12 एप्रिलला जहाज धक्क्याला लागले. धोक्याच्या मालाची खूण म्हणून लावायचा लाल बावटा त्यावर नव्हता. 14 तारखेला दुपारी धूर निघाला. बंबवाले धावले, खणात पाणी सोडू लागले. पण कापूस आतल्या आत धुमसतो. शिवाय पाणी चढले तशा पेटत्या गासड्या तरंगत वर, दारूगोळ्याकडे सरकल्या. जहाज बाहेर न्यावे की तिथेच बुडवावे, याचा ठाम हुकूम कोणी दिला नाही. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांची संख्या कोणी 800 धरतात, कोणी 1,300. त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

वाचकहो, यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. पण जहाजाच्या पोटात काय आहे, हे धक्क्यावरच्या हमालाला कोणी सांगितले नाही. पुढे, 1965 साली, धोकादायक मालासाठी आंतरराष्ट्रीय नियमावली झाली. मालाचे नऊ वर्ग पडले आणि कोणता माल कोणापासून दूर ठेवायचा, हे ठरले.

न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले. तेव्हापासून जगभरचा माल जासईच्या परिसरातून जातो. कंटेनरवर, टँकरवर कोनावर उभा केलेला चौकोन आणि त्यात आकडा दिसतो ना? 1 म्हणजे स्फोटक, 3 म्हणजे पेट घेणारा द्रव, 8 म्हणजे त्वचा आणि धातू खाणारा पदार्थ. गुरुजी, ही खूण एकदा फळ्यावर काढून दाखवा. गळती किंवा धूर दिसला तर मुलांनी जवळ जाऊ नये. वाऱ्याच्या उलट बाजूस दूर व्हावे आणि मोठ्यांना तो आकडा सांगावा. बंब येईल, तेव्हा आतल्या माणसांना त्या एका आकड्याची फार गरज असेल.