वार, वसतिगृह आणि विद्यावेतन

दहावीनंतर मुलाला पॉलिटेक्निकला घालावे की रिछाईतील एखाद्या कारखान्यात लावून द्यावे, हा प्रश्न जबलपूरच्या कष्टकरी मराठी घरांना नवा नाही. त्यात फीची चिंता असतेच. पण शिक्षणाच्या तीन वर्षांत घरात न येणाऱ्या मजुरीची चिंता त्याहून मोठी असते. विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्याचा इतिहास पाहताना हे दुहेरी ओझे ध्यानात ठेवावे लागते, कारण दोन्ही बाजू सावरणारे साहाय्य नेहमीच विरळा राहिले आहे.

जुन्या पिढ्यांनी आधी पोटाचा प्रश्न सोडविला. पुण्यात शिकणारा गरीब मुलगा वार लावून सात दिवस सात घरी जेवे किंवा माधुकरी मागे. ही सोय बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती आणि तिच्यासोबत येणारा मानापमान निराळाच. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून व पुढे नाना जातिधर्मांच्या वसतिगृहांना आश्रय देऊन हीच गरज संस्थेच्या रूपाने भागविली. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याच्या अटीवर. शिष्यवृत्ती म्हटली तरी तिच्यात ऋणाचा अंश होताच.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी निराळी वाट धरली. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली; १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. ते चालविण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आली. विद्यार्थी श्रम करी आणि त्या श्रमावर शिके. दान घेतल्याचा सल त्यात नव्हता. घरच्यांवर भारही पडत नव्हता.

पुढे शासन आले आणि साहाय्याचा भर फीकडे वळला. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. १९५९ मध्ये महाराष्ट्राच्या बाजूला आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांना ईबीसी फीसवलत मिळू लागली. जबलपूरच्या मराठी माणसाला ती दुरूनच ऐकावी लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. भाषा एक असूनही सवलतींची दारे वेगळी झाली.

या शहराचे स्वतःचे दार मात्र कारखान्याचे होते. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने शिकाऊ उमेदवाराला दरमहा विद्यावेतन देणे बंधनकारक केले. रक्कम फार नसे. पण ती महिन्याला हाती पडे, आणि महिन्यावर चालणाऱ्या घराला हाच फरक निर्णायक असतो. कर्मवीरांच्या योजनेशी तिचे नाते फीमाफीपेक्षा जवळचे आहे.

आजच्या योजना बहुतेक फीच्या बाजूच्या आहेत. २०१८ च्या सुमारास आलेली मध्य प्रदेशची मुख्यमंत्री जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना असंघटित क्षेत्रातील नोंदणीकृत श्रमिकांच्या मुलांची फी भरते. केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती पदविका व पदवीच्या विद्यार्थिनींना वर्षाला ५०,००० रुपये देते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे व एका घरातील दोनच मुलींना लाभ मिळतो. यांसाठी लागणारी कागदपत्रे येथे हिंदी नावांनी मागावी लागतात. मराठी घरात ज्याला उत्पन्नाचा दाखला म्हणतात, त्याला लोकसेवा केंद्राच्या खिडकीवर 'आय प्रमाणपत्र' म्हणावे लागते. नाव न कळल्याने फेरा वाया जाणे सहज घडते.

शिवाय प्रगतीसारख्या शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेश झाल्यावरच करता येतो. त्यामुळे पहिला हप्ता भरण्याची वेळ आधी येते आणि शिष्यवृत्ती मागाहून. मधल्या महिन्यांची तजवीज भिशीतून, उधारीतून किंवा मोठ्या भावाच्या ओव्हरटाइममधून होते.