भिंतीतील नळांचा नाद

इंग्लंडातील जुन्या घरांच्या मागील भिंतींवर मैल्याचे ओतीव लोखंडी नळ उघडेच चढविण्याचा जो दस्तूर एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, त्याचे मूळ दूषित वायू घरात शिरू नयेत या आरोग्यविषयक चिंतेत होते. परंतु त्याच चिंतेने, कोणी न योजताही, घरातील माणसांना नळांतून कोसळणाऱ्या पाण्याच्या प्रपातनादापासून मुक्त ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते. मुंबईच्या घरगल्लीतील बिडाचे नळ त्याच वळणाचे.

१९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात हे उघडे नळ गोठून लोकांचे हाल झाले, आणि इंग्लंड व वेल्ससाठी झालेल्या १९६५ च्या इमारत-नियमावलीने नव्या घरांत मैल्याचे उभे नळ आत घेण्याची सक्ती केली. त्याच सुमारास जड बिडाची जागा हलके पीव्हीसी घेऊ लागले होते. ध्वनी अडविण्याचे काम मुख्यतः वजन करते. ते गेल्यावर, उभा नळ जेथे आडवा वळतो तेथे आपटणाऱ्या पाण्याचा धडधडाट, लाकडी चौकटीला जखडलेल्या पट्ट्यांतून पातळ प्लास्टरबोर्डात उतरून, थेट बैठकीच्या खोलीत ऐकू येऊ लागला.

पुऱ्या झालेल्या भिंतीत नुसती खनिज लोकर भरून भागत नाही, कारण नळाचा चौकटीशी असलेला स्पर्श कायम राहतो. भिंत उकलून नळ सुटा करावा, रबरी अस्तराच्या पकडीत धरावा, त्यावर जड आवरण गुंडाळावे, हीच खरी तजवीज. पुढे कारखानदारांनी खनिजचूर्ण मिसळून प्लास्टिकच्या नळालाच वजन दिले.