कबड्डीतला अष्टपैलू खेळाडू म्हणजे कोण?

चढाईत गुण आणणारा आणि आपल्या अंगणात पकडही करणारा खेळाडू म्हणजे अष्टपैलू.

त्याचे मोल बाद होण्याच्या नियमातून कळते. चढाईत त्याची पकड झाली, की संघाचा चढाईपटू तर जातोच, शिवाय बचावातला एक भरवशाचा गडीही कमी होतो. त्यामुळे धोका कधी पत्करायचा, हे त्याला ओळखावे लागते. चढाई ३० सेकंदांची असते आणि रिकाम्या हाताने परतले तरी चालते. मात्र प्रो कबड्डीत संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर चढाईपटू बाद होतो. उलट, अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार हे याचे ठळक उदाहरण. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले प्रो कबड्डी विजेतेपद मिळवले.