पुनर्नवा

पुनर्नवा (शास्त्रीय नाव: बोरहाविया डिफ्यूजा, कुल: निक्टॅजिनेसी) ही जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू औषधी वनस्पती आहे. मराठीत तिला घेटुळी, वसू व खापरखुटी अशीही नावे आहेत. अंगावरील सूज व शरीरात साठलेले पाणी कमी करणारी वनस्पती म्हणून आयुर्वेदात ती प्रसिद्ध असून तिचे ‘शोथघ्नी’ हे संस्कृत नाव त्याच गुणावरून पडले आहे. गुलबक्षी ही तिच्याच कुलातील वनस्पती होय.

नाव व आढळ

उन्हाळ्यात या वनस्पतीचा जमिनीवरील भाग वाळतो. मात्र मूळ जिवंत राहते व पावसाळ्यात त्याला पुन्हा फुटवे येतात. ‘पुनर्नवा’, म्हणजे पुन्हा नवी होणारी, आणि ‘वर्षाभू’ ही नावे यावरूनच रूढ झाली. बोरहाविया हे प्रजातीनाम हेरमान बोरहाव्ह (१६६८–१७३८) या डच वैद्याच्या सन्मानार्थ दिलेले आहे.

ही वनस्पती भारतात सर्वत्र तणासारखी उगवते. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यासारख्या भीमा खोऱ्यातील अवर्षणप्रवण भागात शेताचे बांध, पडीक जमिनी व रस्त्यांच्या कडा ही तिची नेहमीची ठिकाणे होत. पावसाळ्यात तिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात.

वर्णन

खोड बारीक, पसरट, बहुधा जांभळट असते. पाने समोरासमोर असून जोडीतील एक पान दुसऱ्यापेक्षा मोठे असते. पानांची खालची बाजू फिकट पांढरी दिसते. बारीक देठांवर लहान गुलाबी फुलांचे झुबके येतात. फळ इवलेसे, पाच कंगोऱ्यांचे व चिकट असल्याने जनावरांच्या अंगाला व कपड्यांना चिकटून बीजप्रसार होतो. मूळ जाड व चातीसारखे असते.

ओळखीतील गोंधळ

पांढरी पुनर्नवा किंवा विषखापरा (ट्रायँथेमा पॉर्चुलॅकॅस्ट्रम; कुल: आयझोएसी) हे तण बऱ्याचदा पुनर्नवा समजून गोळा केले जाते. ते वर्षायू असते, त्याची पाने मांसल असतात, फुले पानांच्या बेचक्यात बिनदेठाची येतात आणि फळात काळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे बी असते. पुनर्नवेची देठावरील गुलाबी फुले व चिकट फळे हा दोहोंतील ठळक फरक होय.

आयुर्वेदातील उपयोग

चरकसंहितेत पुनर्नवेचा समावेश वयःस्थापन, स्वेदोपग, कासहर इत्यादी गणांत आहे. त्याच संहितेतील शोथहर गण मात्र दशमुळांचा असून त्यात गोखरूचा (सराटा) अंतर्भाव होतो. गोखरू मूत्रविरेचनीय गणातही आहे. सुजेच्या उपचारांसाठी चिकित्सास्थानात ‘श्वयथुचिकित्सा’ हा स्वतंत्र अध्याय आहे. पुनर्नवाष्टक क्वाथ, पुनर्नवा मंडूर, पुनर्नवासव व पुनर्नवादी गुग्गुळ ही प्रचलित औषधे होत. पुनर्नवाष्टक क्वाथात पुनर्नवेबरोबर कडुनिंब, पटोल, सुंठ, कुटकी, गुळवेल, दारुहळद व हिरडा असतात.

मार व मुरगळ यांमुळे येणारी सूज याहून वेगळी होय. तिच्यावर निर्गुडीच्या पानांचा शेक किंवा आंबेहळदीचा लेप असे बाह्य उपचार रूढ आहेत.

रासायनिक घटक व कार्य

वनस्पतीत पुनर्नवीन हे अल्कलॉइड, बोएराविनोन गटातील रोटेनॉइडे, लिरिओडेंड्रिन तसेच पोटॅशियम नायट्रेट व इतर पोटॅशियम क्षार आढळतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामनाथ चोप्रा यांनी कलकत्त्यात भारतीय वनौषधींचा जो अभ्यास केला त्यात पुनर्नवेचाही समावेश होता. तिच्या मूत्रल गुणाचे श्रेय अंशतः पोटॅशियम क्षारांना दिले जाते. मूत्रल द्रव्यांमुळे लघवीवाटे पाणी व क्षार अधिक प्रमाणात बाहेर पडतात व ऊतींत साठलेला द्रव कमी होतो. प्राण्यांवरील प्रयोगांत मूत्रल व दाहशामक परिणाम दिसून आले आहेत. माणसांवरील मोठ्या चाचण्या मात्र थोड्या आहेत.

सावधगिरी

बोटाने दाबल्यावर खळगा राहणारी सूज हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. हृदय दुर्बल झाल्यास, मूत्रपिंडांतून क्षार व पाणी पुरेसे बाहेर न पडल्यास किंवा यकृताच्या विकारात रक्तातील अल्ब्युमिन घटल्यास द्रव ऊतींत साठतो. मूत्रल औषधाने सूज उतरली तरी मूळ रोग कायम राहू शकतो व निदानास उशीर होतो.

मूत्रपिंडे निकामी होत असताना शरीरातील पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही. अशा वेळी पोटॅशियमयुक्त काढा घेतल्यास रक्तातील त्याचे प्रमाण वाढून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. रक्तदाबाची किंवा मूत्रल औषधे चालू असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही वनस्पती औषध म्हणून घेऊ नये. गरोदरपणात चेहऱ्यावर किंवा हातांवर एकाएकी आलेली सूज, एकाच पायावरील वेदनायुक्त सूज आणि सुजेसोबत येणारी धाप ही तातडीने तपासणी करून घेण्याची लक्षणे आहेत.