हिंगण्याची झोपडी

आज जिथे मोटारींची रांग लागते, त्या हिंगण्याच्या बाजूला एके काळी ओसाड माळ होता आणि त्या माळावर एकच झोपडी होती, हे सांगितले की वर्गातली मुले माझ्याकडे संशयाने पाहतात. ती झोपडी १९०० साली उभी राहिली. पुण्यात प्लेगने ठाण मांडलेले. विधवा मुलींना घेऊन शहराबाहेर पडणे प्राप्तच होते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. फर्ग्युसन कॉलेजात दिवसभर गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्याची वाट धरायची, असा अण्णासाहेब कर्व्यांचा क्रम सुरू झाला.

अनाथ बालिकाश्रमाची मंडळी १८९६ सालीच स्थापन झाली होती. डॉ. भांडारकर अध्यक्ष, कर्वे चिटणीस. पण संस्था काढणे निराळे आणि चालवणे निराळे! बापाने विधवा लेक विश्वासाने आणून सोडावी, तर आश्रमाने पुनर्विवाहाचा पुरस्कार करायचा नाही, असे धोरण ठेवणे भाग पडले. आणि हे धोरण कोणी सांभाळायचे? ज्यांनी १८९३ साली स्वतःच विधवेशी विवाह करून मुरूडकरांचा बहिष्कार ओढवून घेतला, त्या कर्व्यांनी! पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. आश्रमाचा पैसा न् पैसा जिच्या संसारातून वाचवलेला, तिचीच सावली आश्रमाला जड! याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही. कर्व्यांचा हिशेब मात्र मला कळतो. लोक बिथरले असते तर त्या मुली पुन्हा माजघराच्या अंधारातच गेल्या असत्या.

घर सांभाळून आश्रम चालवायला पुढे आल्या त्या बायांच्या सख्ख्या बहीण, पार्वतीबाई आठवले. केशवपन केलेली विधवा. गावोगाव फिरून त्या वर्गणी मागत. अशा वेषातली बाई दारात आली, की सनातनी गृहस्थालाही 'धर्म बुडाला' म्हणणे अवघड जाई.

पुढे निराळाच पेच पडला. लग्न न झालेल्या मुलींनाही शिकवावे, असे कर्व्यांना वाटू लागले. पण कुमारिकेने विधवांच्या पंगतीला बसायचे? अपशकुनाची भीती भल्याभल्यांना होती. तेव्हा १९०७ साली कर्व्यांनी महिला विद्यालय वेगळेच काढले आणि १९०८ साली, दोन्हींना निरपेक्ष सेवक मिळावेत म्हणून, निष्काम कर्म मठ. एका माणसाच्या तीन संस्था, तीन हिशेब, तीन मंडळ्या! शाळेच्या एका समितीपुढे बसताना ज्याला घाम फुटतो, त्या माझ्यासारख्याला हे वाचूनच धाप लागते.

१९१५ साली तिन्ही संस्था एक झाल्या. दुसऱ्याच वर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. बायांनी आपली बाजू पुढे 'माझे पुराण' या पुस्तकात सांगितली. ते १९४४ साली छापले गेले.